तापलेला लॅपटॉप, बॉयलरचा लेड प्लग आणि सोलापूरची गिरणी

वैशाखातील सोलापूर. पारा त्रेचाळीसच्या घरात पोहोचलेला असतो आणि छताचा पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलीत असतो. सात-आठ वर्षांचा जुना लॅपटॉप सुरू होतो, पंधरा-वीस मिनिटे निमूटपणे चालतो, मग आतला पंखा घोंघावू लागतो आणि कोणतीही सूचना न देता पडदा एकाएकी काळा होतो. घरातील वडीलधारे म्हणतात, ‘गेलं मशीन.’ प्रत्यक्षात त्या क्षणी यंत्राने स्वतःचा जीव वाचविलेला असतो. जीव वाचविण्याची ही युक्ती वाफेच्या बॉयलरच्या काळातील आहे, आणि संगणकाला लागणारी थंड हवा कापडगिरणीतून आलेली आहे. बॉयलर आणि गिरणी या दोहोंशी सोलापूरचे जुने नाते.

प्रारंभ १८०३ मधील एका स्फोटापासून करावा लागतो. लंडनजवळच्या ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या उच्च दाबाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि कामगार मृत्युमुखी पडले. इंजिनाची देखरेख ज्या मुलाकडे होती तो काम दुसऱ्यावर सोपवून मासे पकडायला गेला होता. बदली माणसाने इंजिन थांबविले, पण वाफेला वाट मोकळी करून दिली नाही. प्रतिस्पर्धी जेम्स वॉटच्या गोटाने या अपघाताचे पुरेपूर भांडवल केले. ट्रेव्हिथिकने मात्र त्यातून धडा घेतला. माणूस गाफील राहणारच, हे गृहीत धरून यंत्र घडविले पाहिजे, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने सुरक्षा झडपा वाढविल्या आणि बॉयलरला शिशाची एक गुडदी बसविली. हाच पुढचा ‘लेड प्लग’.

त्याचे कार्य अगदी सरळ आहे. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. भट्टीच्या माथ्यावर पाणी आहे तोवर शिसे त्या तापमानाला पोहोचतच नाही. पाणी माथ्याखाली उतरले की धातू उघडा पडतो, शिसे वितळते, त्या छिद्रातून वाफ भट्टीत घुसते आणि धोका ओरडून सांगते. काम थांबते, नुकसानही होते. पण बॉयलर फुटत नाही आणि माणसे वाचतात.

१८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरात पोहोचली आणि वाफेचे इंजिन या शहराने जवळून पाहिले. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. शहर तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखते. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर भोंग्यावर उठू-झोपू लागले. (जाता जाता: १९४९ मध्ये ही जुनी मिल बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला, आणि त्यातून उद्भवलेला चिरंजितलाल चौधरी खटला सर्वोच्च न्यायालयाच्या अगदी आरंभीच्या महत्त्वाच्या निवाड्यांत गणला जातो. कायद्याचे विद्यार्थी सोलापूरचे नाव बहुधा या खटल्यामुळेच प्रथम वाचतात.)

आता हवेकडे वळू. सुताला कोरडी हवा सोसत नाही. हवेतील ओलावा कमी झाला की धागा ठिसूळ होऊन तुटतो. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात तर हा प्रश्न अधिकच बिकट. म्हणून भारतीय गिरण्यांमध्ये हवेत वाफ वा पाण्याचे तुषार सोडून ती ओलसर ठेवीत. धाग्याला ती मानवे. त्या दमट उकाड्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराला काय वाटते, हा विचार पुष्कळ उशिरा आला. हीच गरज अमेरिकेतील सूतगिरण्यांनाही होती. तेथील स्टुअर्ट क्रेमर या गिरणी-अभियंत्याने १९०६ मध्ये आपल्या पद्धतीला नाव दिले ‘एअर कंडिशनिंग’. त्याच्या आधी, १९०२ मध्ये, विलिस कॅरियरने आपली पहिली योजना आखली होती ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, कारण दमट हवेत कागद प्रसरण पावून रंग जागच्या जागी बसत नव्हते. वातानुकूलन जन्मले ते धागा आणि कागद यांच्यासाठी. माणसाला त्याचा लाभ नंतर झाला.

संगणकाला या दोन्ही गोष्टींची गरज पहिल्याच दिवसापासून भासली. १९४६ मध्ये फिलाडेल्फियात लोकांसमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो जवळपास १५० किलोवॅट वीज घेई. ही सारी वीज अखेर उष्णताच होते. तिला बाहेर काढण्यासाठी मोठे वातझोत लावलेले होते. शिवाय प्रत्येक कपाटात एक थर्मोस्टॅट होता. आतले तापमान ११५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४६ अंश सेल्सियस, याच्या वर गेले की वीज तोडली जाई. ट्रेव्हिथिकचा लेड प्लगच हा, फक्त वितळण्याची गरज उरली नाही. सोलापूरच्या मे महिन्यात तो दुपारी कितीदा बंद पडला असता, याची कल्पना प्रत्येकाने करावी.

महाराष्ट्रात ही समस्या आली ती मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे घडविलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला; १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि त्याची खोली वातानुकूलित होती. ज्या देशात बहुसंख्य कार्यालयांत छताचा पंखा हीच चैन होती, त्या देशात यंत्राला वेगळी हवा मिळाली. गिरणीतल्या धाग्याची परंपरा येथेही चालू राहिली.

ट्रान्झिस्टर आले आणि उष्णतेचा प्रश्न सुटला असे काही काळ वाटले. तो केवळ लांबणीवर पडला होता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, एका चिपवर लाखोंनी आणि पुढे कोट्यवधींनी बसू लागले, आणि सारी उष्णता नखाएवढ्या जागेत एकवटली. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचे भाग तर चक्क द्रवात बुडवून ठेवावे लागले.

लॅपटॉपमध्ये द्रवाचे हौद कसे मावणार? तेथे कामी आली हीट पाइप. तिची मूळ कल्पना जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांची, १९४० च्या दशकातली. १९६३ मध्ये लॉस अलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे शोधून नावारूपाला आणली, तीही अंतराळयानांच्या संदर्भात. तांब्याची बंद नळी, आत कमी दाबाखाली थोडेसे पाणी. चिपपाशी पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला पंख्याजवळच्या पातळ पत्र्यांपाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी बनते, आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. मांडीवरच्या यंत्रात एक चिमुकला बॉयलर अहोरात्र चालू असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

मग लेड प्लगचे काय झाले? २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित केला. चालू संगणकांवरील उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे काढून टाकले. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला; एएमडीच्या ॲथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला. त्या चित्रफितीची चर्चा जगभर झाली. त्यानंतर चिपमध्येच तापमापक आणि दोन टप्प्यांची सुरक्षा असणे ही रीतच झाली. बहुतेक चिप शंभर अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग घटवितात. तेवढ्याने भागले नाही आणि तापमान चढतच राहिले, तर वीज तोडतात. सोलापुरातल्या त्या खोलीत काळा झालेला पडदा हा दुसरा टप्पा असतो.

निदानही याच इतिहासातून उमगते. बंद पडलेला लॅपटॉप लगेच सुरू केला असता आधीपेक्षा लवकर बंद पडतो, आणि अर्धा तास थंड केल्यावर पुन्हा पहिल्याइतका चालतो, तर दोष उष्णतेचा. थंड असतानाच क्षणात बंद पडत असेल, तर बॅटरी, चार्जर किंवा वीजपुरवठ्याचे मंडल तपासावे. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले म्हणून कारण कळत नाही. यंत्र अकस्मात बंद झाले, एवढेच ती नोंद सांगते. तळ फुगलेला दिसला, तर प्रथम बॅटरीची शंका घ्यावी आणि चार्जिंग तत्काळ थांबवावे.

उष्णतेचा दोष बहुधा पंख्यात नसून पंखा आणि पत्रे यांच्यामधल्या फटीत दडलेला असतो. पूर्व भागात यंत्रमाग चालणाऱ्या घरांत हवेत कापसाचे सूक्ष्म तंतू तरंगत असतात. ते पंख्यातून आत जातात आणि पत्र्यांच्या तोंडाशी अडकून नमद्यासारखा थर धरतात. बाहेरून फुंकर मारून हा थर सुटत नाही, उलट आणखी घट्ट बसतो. यंत्र पूर्ण बंद करून, बॅटरी विलग करून, पंखा उचलावा लागतो. तेव्हा तो थर चिमटीत धरून अखंड निघतो. त्याच वेळी चिप आणि तांबे यांच्यामधला वाळलेला थर्मल पेस्ट पुसून नवा लावावा. आणि भौगोलिक निर्देशांक लाभलेली सोलापुरी चादर कितीही लौकिकाची असली, तरी लॅपटॉप तिच्यावर ठेवू नये. तळाच्या जाळीतून हवा घेणाऱ्या यंत्राचा तिने श्वास कोंडतो.

काही जण आणखी एक उपाय सुचवितात: तापमानाची मर्यादाच सेटिंगमधून वाढवावी किंवा काढून टाकावी. वाफेच्या युगातही अशी माणसे होती. इंजिनाला अधिक जोर यावा म्हणून ती सुरक्षा झडपेवर वजन टांगून ठेवीत, आणि वाफ दिसेनाशी झाली की काम फत्ते झाले असे मानीत. बॉयलर कधी फुटेल हे त्यांच्या हाती नसे. भारतात १९२३ च्या बॉयलर कायद्याने नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली, ती अशा स्फोटांचा अनुभव गाठीशी असल्यामुळेच. लॅपटॉपची तपासणी करायला कोणी निरीक्षक येत नाही. पेचकस, मऊ ब्रश आणि थर्मल पेस्टची एक नळी घेऊन ते काम ज्याचे त्यालाच करावे लागते, शक्यतो उन्हाळा लागण्यापूर्वी.