बंदुकीच्या नव्या घडणीची हौस : शुक्रनीति, आईन-इ-अकबरी आणि श्रीरंगपट्टणच्या नळ्या

संस्कृत शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांपैकीं मी एक आहें. शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांतील नालिकास्त्राचें वर्णन मीं वर्गांत किती वेळां वाचून दाखविलें असेल याची गणती नाहीं. बंदूक फिरंग्यांनीं आणिली असें समजूं नका, आपल्या पूर्वजांस ती ठाऊक होती, हें वाक्य त्या वाचनाच्या शेवटीं ठरलेलें असे. आणि मुलांचे चेहरे उजळलेले पाहून मलाहि समाधान वाटे. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "सर, गारेची ठिणगी पाडणारी बंदूक शुक्राचार्यांजवळ होती, तर शिवाजीमहाराजांचे मावळे तोडे पेटवून कां लढत?" कालांतरानें विद्या लोप पावली, असें ठराविक उत्तर देऊन मीं त्याला खालीं बसविलें. उत्तर लंगडें आहे हें मला त्याच दिवशीं कळलें होतें. तें तपासण्यास मात्र सेवानिवृत्ति यावी लागली.

प्रथम ग्रंथांत काय आहे तें पाहूं. शुक्रनीतिकार नालिक दोन प्रकारचें सांगतो, लघु व बृहत्. लघुनालिक पांच वितस्ति लांब. त्याच्या मुळाशीं छिद्र. नेम धरण्याकरितां मुळाशीं व अग्राशीं तिळाएवढा बिंदु. यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न करणारी योजना व तीसाठीं ग्रावा म्हणजे दगड. चांगल्या लांकडाचा दस्ता. दारू ठांसण्यास बळकट शलाका. हें पायदळानें व घोडेस्वारांनीं वागवावें. बृहन्नालिक गाड्यावरून न्यावें. दारूचें प्रमाणहि दिलें आहे : सोरा पांच पल, गंधक एक पल, आणि रुई, निवडुंग इत्यादिकांचा धूर कोंडून केलेला कोळसा एक पल, सोरा सहा किंवा चार भाग घेतला तरी चालेल असा विकल्पहि आहे. लहान नळीसाठीं शिशाच्या गोळ्या, मोठीसाठीं लोखंडाच्या.

आतां हें वर्णन डोळ्यांपुढें मांडून पाहावें. दोन्हीं टोंकांस नेमाचे बिंदु, कानाशीं दगडावर आघात करणारी कळ, दस्ता, गज. ही गारेची बंदूक आहे, म्हणजे आपल्याकडे जिला पथरकला म्हणत तीच. या कळीचें पक्कें रूप फ्रान्समध्यें इ. स. १६१० च्या सुमारास सिद्ध झालें, आणि युरोपच्या पलटणींत ती सरसहा होण्यास त्या शतकाची अखेर उजाडली. ज्या ग्रंथांत ती बिनधोक, नित्य परिचयाची वस्तु म्हणून वर्णिली आहे तो भाग त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. गुस्ताव ऑपर्ट यांनीं १८८० मध्यें मद्रासेहून आपल्या ग्रंथांत याच आधारावर प्राचीन भारतांत दारू व बंदूक होती असें प्रतिपादिलें, व दोन वर्षांनीं शुक्रनीतिसाराची आवृत्तिहि छापली. प्रक्षेपाची शंका त्या काळींच निघाली होती. पण अभिमानाला ऑपर्टांचा पक्ष गोड लागला, व तो शाळांतून पसरला. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ मध्यें संपूर्ण ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील आहे असें दाखविण्याचा प्रयत्न केला. हा निबंध मी नोकरीस लागण्याच्या पुष्कळ आधीं छापलेला होता. तो मीं वाचला नव्हता, हा दोष माझा.

एवढ्यावरून शुक्रनीतिकारास कूटलेखक ठरवून मोकळें व्हावें, असें मला वाटत नाहीं. ग्रंथ कोणीं, कोठें लिहिला हें बाजूस ठेवलें, तरी नालिकाचा भाग रचणारा मनुष्य शस्त्राचा शौकीन होता. त्यानें नवी कळ नीट पाहिली होती, तिचे अवयव क्रमानें सांगितले आहेत, आणि आपल्या राजाची सेना अशा बंदुकांनीं सज्ज व्हावी ही त्याची इच्छा ओळीओळींतून दिसते. नव्या वस्तूला शास्त्राचें वस्त्र नेसविल्यावांचून ती राजदरबारीं शिरत नाहीं, हें त्याला ठाऊक असावें. पुरातनाचा पुरावा म्हणून हा भाग निरुपयोगी. परंतु बंदुकीच्या सुधारणेविषयीं एका पंडिताची आशा म्हणून तो मोलाचा आहे. या दृष्टीनें पाहूं लागलें म्हणजे अशी आशा बाळगणारे आणखी पुष्कळ दिसतात, आणि त्यांच्या काळाविषयीं वादहि नाहीं.

त्यांत अग्रस्थान अकबराचें. आईन-इ-अकबरींतील बंदुकांवरील प्रकरणें ब्लॉकमन यांच्या १८७३ च्या इंग्रजी भाषांतरामुळें सर्वांस सुलभ आहेत, पण शस्त्रसंग्राहकांनीं तीं हातीं बंदूक घेऊन वाचलीं पाहिजेत. अबुल फजल सांगतो कीं, पूर्वीं लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या दोन कडा नुसत्या जोडीत, आणि अशी नळी दारू थोडी अधिक झाली कीं फाटे. बादशहानें नवी रीत काढिली : पत्रा तिरका पीळ देत गुंडाळावयाचा, वळ्या कडेस कड न लावतां एकीवर एक चढवावयाच्या, व हळूहळू तापवून सांधावयाच्या. दुसरी रीत लोखंडाचे दंडगोल तापवून सळईनें आरपार भोंक पाडण्याची. असे तीन-चार तुकडे जोडून एक नळी होई. सतरा नळ्या एकत्र बांधून एकाच बत्तीनें उडविण्याची तोफ, कूच करितांना सुटी होऊन पुन्हां जुळणारी तोफ, एका मनुष्यास उचलतां येईल अशी नरनाळ, हत्तीवरची गजनाळ, हीं सर्व तेथें आहेत. नळ्या साफ करण्यास पूर्वीं धट्टाकट्टा मनुष्य बराच वेळ खपत असे. त्याऐवजीं जनावरानें फिरवावयाचें चाक केलें, त्यावर सोळा नळ्या एकदम घासून निघत. उस्ताद कबीर व हुसेन या कारागिरांचीं नांवें अबुल फजल नोंदतो, हें विशेष. आपल्या बखरींत लोहाराचें नांव क्वचितच सांपडतें. बादशहाच्या खास बंदुकांत पहिला मान ‘संग्राम’ हिचा. १५६८ च्या फेब्रुवारींत चितोडच्या तटावर जयमल पडला तो हिच्याच गोळीनें.

या शोधांपैकीं कांहींचें श्रेय अबुल फजल धन्याला देतो, तर तबकात-इ-अकबरीचा कर्ता निजामुद्दीन अहमद तें मीर फत्हुल्ला शिराजीला देतो. दुसरी साक्ष मला अधिक विश्वसनीय वाटते; पदरच्या इतिहासकाराचे हात बांधलेले असतात. फत्हुल्ला हा शिराजहून विजापुरास आदिलशाहींत आला होता, आणि तेथून १५८३ मध्यें अकबराकडे गेला. १५८९ त काश्मीरांत वारला. म्हणजे ज्या बुद्धीचा लाभ आग्र्याला झाला ती आधीं आपल्या दक्षिणेंत वावरत होती. विजापुरीं असतां त्यानें बंदुकीकडे लक्ष दिलें होतें काय, याचा कांहीं धागा आदिलशाही कागदांत मिळाल्यास तो प्रसिद्ध करणाराचे उपकार होतील.

आईनांतील एक वाक्य मात्र सर्वांत टोंचणारें आहे. बत्तीवांचून, केवळ घोडा किंचित् हलविल्यानें उडणारी बंदूक आतां होते, असें अबुल फजल लिहितो, आणि पुढें एक अक्षर नाहीं. गारेची पक्की कळ तेव्हां युरोपांतहि व्हावयाची होती. ही चक्राची कळ असावी, म्हणजे दांतेरी चाक कमानीनें फिरून दगडास घांसणारी, असें इर्फान हबीब यांनीं अनुमान केलें आहे. काळ पाहतां तें पटतें. मग ती गेली कोठें? अकबरानंतर दोनशें वर्षें हिंदुस्थानचा शिपाई तोडाच फुंकीत होता.

उत्तर लोहाराच्या भात्याशीं आहे असें मला वाटतें. तोडेदार बंदुकीची कळ म्हणजे नागमोडी लोखंडाचा एक तुकडा व एक खिळा. मोडली तर गांवचा लोहार संध्याकाळपर्यंत नीट करून देई. तोडा म्हणजे सोऱ्यांत भिजविलेली सुताची दोरी. गारेच्या कळीला मात्र तीन कमानी लागतात, आणि गार जिच्यावर आपटते ती पोलादी फळी नेमकी कडक लागते. मऊ राहिली तर ठिणगी पडत नाहीं, अति कडक झाली तर तडकते. बादशहाच्या कारखान्यांत असा उस्ताद असे, मोहिमेंत प्रत्येक तुकडीबरोबर नसे. कमानीची विद्या या देशांत नव्हती असेंहि नाहीं. गोंव्याच्या कारागिरांनीं केलेल्या बंदुका बोहेमियाच्या तोडीच्या आहेत, असें आल्बुकर्कानें १५१३ मध्यें पोर्तुगालच्या राजास कळविलें होतें. आणि कमानीनें झडप घालणारी तोडेदार कळ याच समुद्रमार्गानें जपानापर्यंत पोंचली. परंतु सह्याद्रीच्या वरच्या अंगास ती रुजली नाहीं.

मराठ्यांत ही उणीव ओळखून भरीव उपाय केला तो महादजी शिंद्यांनीं. १७८४ मध्यें द बॉयन त्यांच्या नोकरींत आला. सँग्स्टर नांवाच्या स्कॉच कारागिराकरवीं आग्र्यास तोफा ओतण्याचा व बंदुका घडविण्याचा कारखाना चालला, आणि तेथील बंदूक सुमारें दहा रुपयांत पडे. दहा रुपयांत पडणारी बंदूक म्हणजे हौसेचा खेळ नव्हे. ती पलटणीसाठीं होती. येथेंच महादजी व टिपू यांत भेद दिसतो.

टिपूचें वेड अकबराच्या जातीचें. श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांतल्या बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, कारागिराचें नांव, आणि मौलूदी शकाचें वर्ष असतें. त्यांत दुनळी आहेत, आणि एकाच नळींत एकापुढें एक दोन बार भरून क्रमानें उडविण्याच्याहि आहेत. १७८८ मध्यें सोळाव्या लुईच्या दरबारीं गेलेल्या त्याच्या वकिलांनीं फौजेच्या मदतीबरोबर कारागीरहि मागितले. संग्राहकांसाठीं एक सूचना : टिपूनें आंकडे उजवीकडून डावीकडे वाचण्याची रीत घातली होती, म्हणून १२२२ हें वर्ष नळीवर २२२१ असें दिसेल. अशा आंकड्यास हिजरी समजून नळी बनावट म्हणून टाकून देऊं नये. तसेंच तेथील ठशावर भाळून ती खरी म्हणूनहि घेऊं नये. १७९९ नंतर या बंदुकांस इंग्लंडांत मोठें मोल आलें, व मोल आलें तेथें नकल होते.

शेवटीं एक पाहिलेली वस्तु नोंदवितों. मावळांतील एका जुन्या घरीं दसऱ्यास शस्त्रपूजेंत एक लांब बंदूक मांडितात. घरची मंडळी तिला पथरकला म्हणतात. मीं हातीं घेतली तों तिला गारेचा घोडा नाहीं. साधी नागमोडी तोडेपकड आहे. नांव चुकीचें असें मी म्हणणार होतों. पण दस्त्याची उजवी बाजू उन्हांत धरली तेव्हां हातभर अंतरावरूनहि दिसेल असें एक लांबट ठिगळ दिसलें : शिसवी दस्त्यांत सागवानाचा तुकडा चपखल बसविलेला, आणि त्यांत दोन बुजविलेलीं छिद्रें. गारेच्या कळीची पट्टी ज्या जागीं, ज्या मापाची बसते, तीच जागा व तेंच माप. म्हणजे ही बंदूक एकदां खरोखरच पथरकला होती; कमान मोडली असावी, आणि कोणा लोहारानें कळ काढून टाकून तिला पुन्हां तोड्यावर आणिली. नळीच्या बुंध्याशीं तेलकट काजळीखालीं तीन अक्षरें आहेत. पहिलें ‘म’ आहे. उरलेलीं दोन यजमानांनीं पुढच्या दसऱ्यापर्यंत घासूं दिलेलीं नाहींत.