लायब्ररी आणायची कुणी? पॅकेज मॅनेजरांची गोष्ट

आज आपण ‘पिप इन्स्टॉल’ असं टाइप करतो आणि चहा घ्यायला उठतो. परत येईपर्यंत लायब्ररी बसलेली असते. ती आली कुठून, आणली कुणी, हा प्रश्न काहीतरी बिघडेपर्यंत आपल्याला पडत नाही. त्यामुळे आजचा इतिहास बराचसा बिघाडांचाच आहे.

सुरुवात करू फिनलंडपासून. पर्ल भाषेत लोक चांगली मॉड्यूल्स लिहीत होते, पण ती ठिकठिकाणी विखुरलेली. ऑक्टोबर १९९५मध्ये ती एका छताखाली आली. यार्को हिएतानिएमी यांनी फुनेट या तिथल्या विद्यापीठांच्या जाळ्याच्या सर्व्हरवर भांडार उभं केलं, त्याचं नाव सीपॅन. (लिनक्सही १९९१मध्ये याच सर्व्हरवरून जगात गेलं, हे जाता जाता.) कल्पना मात्र उसनी होती, टेक् वापरणाऱ्यांचं सीटॅन आधीपासून होतंच. मग आंद्रेआस क्योनिग यांनी मॉड्यूल शोधून, उतरवून बसवणारा प्रोग्रॅम लिहिला. माझ्या मते सीपॅनची खरी कमाई वेगळीच आहे: बसवण्याआधी मॉड्यूलच्या चाचण्या तुमच्याच मशीनवर चालवायची सवय. माल घरी आणून, तपासून मगच डब्यात भरायचा! नंतर आलेल्या बऱ्याच जणांनी ही सवय उचलली नाही.

पायथनचं भांडार आलं २००३मध्ये. त्याचं लाडकं नाव ‘चीज शॉप’, माँटी पायथनच्या प्रहसनावरून. त्या प्रहसनातल्या चीजच्या दुकानात चीजच नसतं. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला या भांडारातही नुसती सूची होती, फाइली दुसरीकडेच! २००४मध्ये ‘ईझी इन्स्टॉल’ आलं. ते बसवायचं झकास, काढायचं मात्र माहीत नाही. इयान बिकिंग यांनी २००८मध्ये पिप लिहिलं, त्यात काढून टाकायची सोय आली. तरी सी भाषेत लिहिलेली एक्स्टेन्शन्स डोकं खायचीच. मशीनवर कंपायलर नसला की पडद्यावर लाल अक्षरांचा पूर. तयार बांधणी पुरवणारं ‘व्हील’ रूढ झालं, तेव्हा कुठे तो त्रास कमी झाला.

आता खरं दुखणं. लिनक्सच्या घरात सामान आणणारा एक जुना माणूस आधीच असतो. डेबियनवर ॲप्ट, रेड हॅटकडे त्या काळी यम. पिप त्यांना न विचारता त्याच कपाटात हात घालायचं. मी स्वतः एकदा ‘सुडो’ लावून पिप चालवलं, त्याने एक जुनी लायब्ररी बदलली आणि सिस्टिमची निम्मी अवजारं मुकी झाली. यम तर स्वतःच पायथनमध्ये लिहिलेलं. म्हणजे पायथन बिघडलं की दुरुस्ती करणाराही आजारी.

दरम्यान एनपीएमवर वेगळंच घडलं. मार्च २०१६. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, एनपीएमने ते नाव किक कंपनीला दिलं. अझेर कोचुलू यांनी रागावून आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस काढून घेतली. त्यांतलं एक होतं लेफ्ट-पॅड, अवघं ११ ओळींचं. मजकुराच्या डावीकडे जागा भरायची, बस्स. पण बेबल त्याच्यावर उभं आणि बेबलवर हजारो प्रकल्प. काही तास जगभर बिल्ड कोसळत राहिले, शेवटी एनपीएमने ते पॅकेज स्वतःहून परत ठेवलं, आणि माघारी घेण्याचे नियम कडक केले. लिहिणाऱ्याचा हक्क मोठा की वापरणाऱ्यांची गरज? मला कोचुलूंची बाजू अजून पटते, पण त्या दिवशी ज्यांचं काम अडलं त्यांना ती पटेल असं नाही.

पिप आणि ॲप्टचं भांडण मिटायला आणखी बरीच वर्षं गेली. २०२३च्या डेबियन १२पासून पिप सिस्टिमच्या कपाटाला हात लावायला सरळ नकार देतं आणि ‘वेगळी खोली करा’, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, असं सांगतं. हट्टच असेल तर एक पर्याय ठेवलाय, आणि त्याचं नावच आहे ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’. एवढं स्पष्ट नाव वाचूनही लोक तो बिनधास्त लावतात. सभागृहात कुणी लावला असेल तर हात वर करा... बरेच आहात की!