मिस्टीक आणि बेचाळीस वर्षांचे मौन

#धागा #इतिहास

१/
निळ्या त्वचेची, क्षणात कोणाचेही रूप धारण करणारी मिस्टीक चित्रपटांमुळे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कधी खलनायिका, कधी सरकारची भाडोत्री हस्तक, तर कधी नाइलाजाने नायकांच्या बाजूने लढणारी. मात्र या बहुरूपिणीच्या आयुष्यातील एक गोष्ट कॉमिक्सच्या पानांवर १९८१ पासून २०२३ पर्यंत पूर्णपणे सांगता आली नाही. हा धागा त्या मौनाच्या इतिहासाविषयी आहे.

२/
आरंभ मिस्टीकच्या जन्माआधी, १९५४ साली होतो. अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध झाले. कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. बॅटमन आणि रॉबिन यांचे सहजीवन म्हणजे समलिंगी स्वप्नरंजन, हाही त्यांच्या आरोपांपैकी एक.

३/
वर्थम यांना सरसकट खलपुरुष ठरवणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय रुग्णांसाठी १९४६ साली त्यांनी लाफार्ग क्लिनिक सुरू केले होते. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यातही त्यांची साक्ष उपयोगी पडली. परंतु २०१० साली त्यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली. संशोधिका कॅरल टिली यांनी ती तपासली, तेव्हा पुस्तकातील मुलांच्या साक्षी अनेक ठिकाणी बदललेल्या आणि जोडून घेतलेल्या आढळल्या.

४/
ते उघड व्हायला अर्धशतक लोटले. परिणाम मात्र त्याच वर्षी झाला. एप्रिल आणि जून १९५४ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. सरकारी कायद्याच्या भीतीने प्रकाशकांनी ऑक्टोबरमध्ये स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता स्वीकारली. संमत अंकाच्या मुखपृष्ठावर शिक्का येई. शिक्का नसलेला अंक विकायला वितरक सहसा तयार नसत. कायदा न करताच कायद्याचे काम झाले.

५/
या संहितेनुसार ‘लैंगिक विकृती’ दाखवणे तर निषिद्ध होतेच, तिचे नुसते सूचनही निषिद्ध होते. त्या काळच्या शब्दकोशात समलिंगी प्रेम याच खात्यात जमा होई. ‘सूचन’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

६/
१९७८ साली ‘मिस मार्व्हल’ या मालिकेत लेखक क्रिस क्लेअरमाँट यांनी मिस्टीकला आणले. रेव्हन डार्कहोम या नावाने ती अमेरिकेच्या संरक्षण खात्यात उच्च पदावर काम करते आणि तिथली साधने स्वतःच्या हेतूंसाठी वापरते. व्यवस्थेच्या पोटात राहून व्यवस्थेपासून स्वतःला लपवणे, हा तिचा पहिल्यापासूनचा स्वभाव.

७/
जानेवारी १९८१ च्या ‘अनकॅनी एक्स-मेन’ अंक १४१ मध्ये तिच्यासोबत डेस्टिनी प्रथम अवतरली. ही अंध भविष्यवेत्ती, तिचे खरे नाव आयरीन ॲडलर. नाव शेरलॉक होम्सच्या कथेतले आहे. त्या कथेतली आयरीन पुरुषवेश धारण करून प्रत्यक्ष होम्सला चकवते. वेशांतराच्या परंपरेतले नाव बहुरूपिणीच्या सोबतिणीला मिळाले.

८/
या कथेचा प्रसंगही पाहण्याजोगा आहे. वॉशिंग्टनमध्ये ‘म्युटंट’ लोकांच्या धोक्यावर सिनेटची सुनावणी चालू आहे आणि सिनेटर केली यांना ठार मारण्यासाठी मिस्टीक तिथे पोहोचते. १९५४ च्या सुनावणीतून आलेल्या संहितेचा शिक्का मुखपृष्ठावर, आणि आत दुसऱ्याच एका सुनावणीवर हल्ला. हे मुद्दाम योजले होते, असा माझा दावा नाही. पण हा योगायोग बोलका आहे.

९/
पुढच्या अंकात निळ्याच त्वचेच्या नाइटक्रॉलरची आणि तिची गाठ पडते. चेहऱ्यांतील साम्य पाहून तो चकित होतो, तिला विचारतो. ती उत्तर टाळते. क्लेअरमाँट यांनी पुढे सांगितले की, मिस्टीक आणि डेस्टिनी याच त्याच्या जन्मदात्या असाव्यात, अशी त्यांची कल्पना होती. पुरुषरूप घेतलेली मिस्टीक पिता, डेस्टिनी माता. त्या काळी हे छापणे अशक्य होते.

१०/
मग क्लेअरमाँट यांनी खुणा पेरल्या. दोघी एकत्र राहतात, रोग नावाच्या मुलीला दोघी मिळून वाढवतात, एकमेकींसाठी जिवावर उदार होतात. १९८५ साली मिस्टीक गुन्ह्यांच्या माफीच्या बदल्यात आपली टोळी सरकारच्या दिमतीला देते. ‘फ्रीडम फोर्स’ या नावाने कालचे फरारी आज सरकारी पथक होतात. माफीच्या त्या सौद्यातही डेस्टिनी तिच्यासोबत असते. निष्ठा विकणाऱ्या या स्त्रीची एकच निष्ठा विक्रीला नव्हती.

११/
१९८९ साली डेस्टिनी मारली जाते. पुढच्या वर्षी एका अंकात तिचा उल्लेख मिस्टीकची ‘लेमन’ असा येतो. हा लिंबाचा इंग्रजी शब्द नव्हे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘लेमन’ म्हणजे प्रियकर वा प्रेयसी. शब्द इतका जुना की तो पाहून कोणी दचकले नसावे. ज्यांनी शब्दकोश उघडला त्यांना निरोप पोहोचला.

१२/
१९८९ सालीच संहिता सुधारली गेली आणि समलिंगी व्यक्तिरेखांवरची बंदी उठली. १९९२ मध्ये मार्व्हलच्याच ‘अल्फा फ्लाइट’मधील नॉर्थस्टारने आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले. २००१ मध्ये मार्व्हलने संहितेशी संबंधच तोडला. आता तरी मिस्टीकची गोष्ट सांगितली जाईल, असे वाटावे. घडले उलटेच. २००३ मध्ये सुरू झालेल्या कथेने अझाझेल नावाच्या सैतानसदृश पुरुषाला नाइटक्रॉलरचा पिता ठरवले.

१३/
मला या इतिहासातली हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. बंदी उठल्याची तारीख दाखवता येते, बंदीची सवय सुटल्याची तारीख मात्र कोणत्याही दप्तरात नोंदलेली नसते. सेन्सॉरशिपचा इतिहास आपण नियमांच्या तारखांनी लिहितो. नियम गेल्यानंतर माणसे किती काळ त्याच्या सावलीत लिहीत राहतात, हे मोजायला आपल्याकडे साधन नाही. २००३ ची ही कथा त्या सावलीची लांबी दाखवते.

१४/
याच सुमारास मिस्टीकची स्वतंत्र मालिकाही आली (२००३ ते २००५, २४ अंक). तीत सरकारला हवी असलेली मिस्टीक प्राध्यापक झेव्हियर यांच्यासाठी गुप्तहेरगिरी करते आणि मोबदल्यात तिला संरक्षण मिळते. पुन्हा नवा मालक, पुन्हा नवे चेहरे. स्वतःच्या चेहऱ्याने जगायला जागा नसलेल्या माणसाला दुसऱ्यांचे चेहरे विकून पोट भरावे लागते, असे वाचले तर तिचे भाडोत्रीपण निराळे दिसू लागते.

१५/
नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘एक्स-मेन ब्लू : ओरिजिन्स’ हा अंक आला. लेखक सायमन स्परिअर. नाइटक्रॉलर हा मिस्टीक आणि डेस्टिनी यांचाच मुलगा, हे त्यात कथेतले सत्य म्हणून मांडले गेले आणि आधीची कथा फसवी ठरली. २०२४ मध्ये या दोघींच्या विवाहावर विशेषांकही निघाला. १९८१ मध्ये टाळलेले उत्तर बेचाळीस वर्षांनी मिळाले.

१६/
इतिहासाच्या वर्गात आम्हांला शिकवतात की दस्तऐवज काय म्हणतो याइतकेच, त्याला काय म्हणता येत नव्हते हेही विचारावे. यात एक धोका आहे. मौनात आपल्याला हवे ते ऐकू येऊ लागते. म्हणून खुणा तपासाव्या लागतात. सामायिक घर, सामायिक मूल, एक अप्रचलित शब्द. एकेक खूण दुबळी असते, पण सगळ्या एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर त्यांचे वजन वाढते.

१७/
येथे लेखक हयात होते, म्हणून खुणांचा अर्थ त्यांच्याच तोंडून पडताळता आला. जुन्या पत्रांत ‘मैत्रीण’, ‘सोबतीण’ एवढ्याच नोंदीने उरलेल्या असंख्य स्त्रियांच्या बाबतीत ती सोय नाही. त्यांच्याविषयी कोणी ‘पुरावा कुठे आहे?’ असे विचारले, तर आधी एक उलट प्रश्न विचारायला हवा. पुरावा ठेवण्याची मुभा त्यांना होती का?

(समाप्त)