पॉलिप नुसता बघून ओळखता येतो का?

आतड्याच्या अस्तरावर मांसाचा छोटा उंचवटा आला की तो पॉलिप. काही पॉलिप निरुपद्रवी असतात, त्यांना हायपरप्लास्टिक म्हणतात. काही ॲडेनोमा, म्हणजे पुढे बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकेल असे. दोन्ही सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे!

१९६९ पर्यंत हा प्रश्न फारसा पडायचाच नाही, कारण मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातला पॉलिप काढायचा म्हणजे पोट उघडायचं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायलमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी स्कोपमधूनच तारेचा फास टाकून पॉलिप काढायला सुरुवात केली. मग काय, दिसला की काढा, बाटलीत घाला, पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा.

जपानी डॉक्टरांना मात्र बघण्याचाच नाद. ते इंडिगो कार्मिन (हो, आपल्या निळीचंच भावंड) फवारायचे. रंग खाचांत उतरतो आणि पृष्ठभागाची नक्षी उठून दिसते. १९९४ साली शिन-एई कुडो यांनी या नक्षीचे प्रकार लावून दिले: गोल छिद्रं असली तर नॉर्मल, चांदणीसारखी असली तर हायपरप्लास्टिक, नळ्यांसारखी किंवा फांद्या फुटलेली असली तर ॲडेनोमा. पण त्यासाठी मॅग्निफाय करणारा स्कोप हवा, रंग हवा, आणि वेळ हवा.

रंगाची कटकट संपवली ती एका इंजिनिअरी युक्तीने. ऑलिम्पसचे काझुहिरो गोनो आणि काशिवाच्या कॅन्सर सेंटरमधले यासुशी सानो यांनी १९९९ च्या सुमारास प्रकाशच गाळायचं ठरवलं. फक्त ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचे दोन अरुंद पट्टे ठेवायचे, लाल काढून टाकायचा. हिमोग्लोबिन नेमके हेच पट्टे शोषतं, त्यामुळे वरच्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात. ॲडेनोमात त्यांची गर्दी, म्हणून तो आजूबाजूपेक्षा जास्त तपकिरी. आम्ही सॉफ्टवेअरवाले आउटपुट सुधारत बसतो, यांनी इनपुटच बदललं :)

यालाच नॅरो बँड इमेजिंग म्हणतात. पुढे रंग, रक्तवाहिन्या आणि नक्षी पाहून तीन गट करणारी 'नाइस' वर्गवारी आली.

आता मोह असा, की ५ मिमीपर्यंतचे बारके पॉलिप बघून ओळखायचे, काढायचे आणि फेकून द्यायचे. पॅथॉलॉजीचा खर्च वाचला! २०११ मध्ये अमेरिकेतल्या एंडोस्कोपी सोसायटीने अट घातली: पुढची तपासणी कधी, हा निर्णय पॅथॉलॉजीशी किमान ९०% वेळा जुळला पाहिजे. तज्ज्ञांना ते जमलं. पण इंग्लंडमध्ये साध्या हॉस्पिटलांत करून पाहिलेल्या अभ्यासात (डिस्कार्ड २, २०१७) जमलं नाही.

त्यात आणखी एक चोर आहे. सेसाइल सेरेटेड लीजन चपटा, फिकट, दिसायला हायपरप्लास्टिकसारखा, पण त्यातून कॅन्सर होऊ शकतो. २०१६ च्या 'वास्प' वर्गवारीत तो वेगळा काढायचे निकष दिले, तरी बघणारा डोळा तोच ना. त्यामुळे ती बाटली बहुतेक ठिकाणी अजून लॅबला जातेच, आणि मला विचाराल तर जाऊ दे.