पायरी झालेले पुढारी



आपले तळवडे गाव इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी यांच्या मधे वसलेले आहे. वरच्या अंगाला तुकोबाराय, खालच्या अंगाला माऊली. अशा गावच्या दिंडीला शंभर वर्षे होत असताना दिंडी चालवली कुणी, हे जसे लिहून ठेवायचे, तसे ती चालवायची कशी, हेही एकदा इतिहासात बघितले पाहिजे. वारकरी पंथात पुढारीपण कशाला म्हणतात, याचे दाखले आपल्याला लांब शोधावे लागत नाहीत.

पहिला दाखला देहूचा. तुकोबांच्या घराण्याकडे महाजनकी होती, व्यापार होता, सावकारी होती. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. घरातली माणसे गेली, गुरेढोरे गेली. लोकांकडचे येणे मात्र कागदावर शिल्लक होते. परंपरा सांगते की तुकोबांनी त्या खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकटे बंधू कान्होबांचा हिस्सा त्यांना दिला आणि आपल्या हिश्शाची खते इंद्रायणीत सोडली. यातली बारीक गोष्ट ध्यानात घ्या. तुकोबांनी सगळीच खते बुडवली नाहीत. भावाच्या वाटणीवर आपला अधिकार नाही, हे त्यांनी ओळखले. त्याग करायचा तो स्वतःच्या हिश्शाचा, दुसऱ्याच्या नव्हे. नम्रपणा आणि चोख व्यवहार एका ठिकाणी नांदतात ते असे.

तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी 1685 साली पालखीची प्रथा सुरू केली. तुकोबांच्या पादुका आणि माऊलींच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीला जाऊ लागल्या. जवळजवळ दीडशे वर्षे हे असेच चालले. पुढे हक्कांचे आणि मानपानाचे वाद निघाले आणि दोन पालख्या वेगळ्या झाल्या. संतांच्या गावीही मानपान सुटत नाही, हे इतिहासाने दाखवले. ते लपवण्यात काही अर्थ नाही.

याच काळात हैबतबाबा पुढे आले. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे पवार घराणे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी चाकरी करून, पैसा गाठीला बांधून ते गावाकडे निघाले. वाटेत सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गाठले आणि कोंडून ठेवले. त्या कोंडवाड्यात ते हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटल्यावर घरी न जाता आळंदीला आले, असे सांगतात. 1832 च्या सुमारास त्यांनी माऊलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. फौजेत वावरलेल्या या माणसाने वारीला शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम, चाल, मुक्काम, कुठल्या वेळी कुठले भजन, सगळे ठरले. आजही सोहळा त्याच घडीवर चालतो.

एवढी सत्ता हातात असलेल्या माणसाने स्वतःसाठी काय मागितले? आळंदीच्या महाद्वारातली पायरी! येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून. कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीचे पूजन होते आणि मगच माऊलींचा संजीवन समाधी सोहळा सुरू होतो. पंढरपुरात नामदेवरायांची पायरीही तशीच. नामदेवांचा मोठेपणा आणखी एका गोष्टीत आहे. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. तेव्हा नामदेव स्वतः तिथे गेले, चोखोबांच्या अस्थी घेऊन आले आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्याला देवळात घेत नव्हते, त्याच्यासाठी पुढाऱ्याने पायपीट केली.

हैबतबाबांनी घालून दिलेल्या शिस्तीतली समाजआरती ज्याने पाहिली असेल, त्याला वेगळे सांगायला नको. मुक्कामाला पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात गप्प! पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. मग चोपदार स्वतः त्या दिंडीकडे जातात आणि गाऱ्हाणे ऐकून घेतात. हरवले-सापडले पुकारले जाते आणि मगच आरती होते. म्हणजे गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय आणि सापडलेली वस्तू ज्याची त्याला देण्याची सोय केल्याशिवाय देवाची आरती नाही. याच्यापेक्षा चांगला कारभार कुठल्या कचेरीत सापडेल?

आता आपल्याकडं बघू. तळवड्याची शेतं गेली, वर्कशॉप आली, आयटी पार्क आलं. दिंडीत आज जुन्या घरांबरोबर मराठवाड्यातून, विदर्भातून कामाला आलेली माणसं चालतात. पूर्वी शिधा गोळा व्हायचा, आता भिशीचे पैसे, अन्नदानाच्या देणग्या, ट्रक, टँकर, मंडप असा सगळा मोठा व्यवहार झालाय. पैसा वाढला की मानपान वाढतं. फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा, विण्याशेजारी कोण चालणार, यावरून मनं दुखावतात. दिंडी मोडते ती पावसानं किंवा उपासमारीनं नाही, अशानं मोडते.

याला औषध नवीन शोधायचं कारण नाही. विणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, तसंच दिंडीचं पुढारीपण हातातून हातात गेलं पाहिजे. वारीहून आल्यावर भिशीचा हिशोब सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला पाहिजे. पाच रुपयांची चूक असली तरी ती बोलून दाखवली पाहिजे. आणि काल-परवा आलेला टाळकरी टाळ वाजवत उभा राहिला, तर चालकानं उठून त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे.

दुसऱ्या शतकात दिंडी कोण चालवणार, हे आज सांगता येणार नाही. पण जो चालवील त्याला महाद्वारातल्या पायरीची आठवण असावी, एवढेच माऊलींच्या आणि तुकोबारायांच्या चरणी मागणे.

रामकृष्ण हरी.