बाळदमा आणि श्वासावाटेचे औषध

‘दमा’ हा शब्द श्वास या अर्थाच्या फारसी ‘दम’ शब्दापासून आला. मात्र लहानग्याच्या दम्याला ‘बाळदमा’ म्हणताना मराठी घरांनी त्या नावात एक आशाही ठेवली, ती ही की वाढत्या वयाबरोबर मूल यातून सुटेल. ही आशा पुष्कळदा खरी ठरते, परंतु तिच्याच भरवशावर उपचार लांबणीवर पडत आले, आणि श्वासाच्या या विकारावर श्वासावाटेच औषध देण्याची पद्धत मुलांपर्यंत सर्वांत उशिरा पोहोचली.

पद्धत मात्र जुनीच आहे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील तमक श्वास, म्हणजे ढगाळ हवेत, गारठ्यात आणि पूर्वेच्या वाऱ्यात बळावणारा व उठून बसल्यावर थोडा हलका होणारा प्रकार, आजच्या दम्याशी जवळून जुळतो. त्याच अध्यायात हळद, एरंडमूळ, लाख, देवदार इत्यादींची तुपात माखलेली वात करून तिचा धूर ओढण्यास सांगितले आहे. अष्टांगहृदयात वाग्भटांनी मात्र अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूमपान वर्ज्य ठरवले. हा निर्बंध शहाणपणाचा होता. पण त्यामुळे मुलांच्या वाट्याला काढा, चाटण आणि शेक एवढेच उरले. खेड्यात अडुळशाचा रस मधातून चाटवत, तव्यावर तापवलेल्या ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकत, आणि हे सारे बहुधा गोवऱ्यांच्या धुराने भरलेल्या त्याच स्वयंपाकघरात चाले, जिथल्या हवेने मुलाची धाप वाढलेली असे. शहरातील चाळीत चुलीची जागा रॉकेलच्या स्टोव्हने आणि डासांच्या उदबत्तीने घेतली, एवढाच फरक.

धोतऱ्याचा धूर ओढण्याचा दक्षिण भारतातील उपाय 1802 मध्ये जनरल जेंट यांनी मद्रासहून एडिनबरोस नेला आणि पुढे युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यातील द्रव्ये श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतात, पण ती विषारी असल्याने मुलांसाठी धोक्याचीच. याउलट हैदराबादेत बथिनी गौड घराणे 1845 पासून मृगाच्या मुहूर्तावर पिवळे औषध भरलेले मरळ माशाचे पिल्लू गिळवत आले आहे. त्याच्या गुणाला शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही, तरीही महाराष्ट्रातूनही आईबाप तिथे मुले घेऊन रांगेत उभे राहतात, कारण रात्र बसून काढणारे मूल पाहिलेल्या घराला वाट पाहणे जड जाते.

श्वासावाटेच्या आधुनिक औषधाचा प्रारंभ एका मुलीच्या प्रश्नातून झाला. लॉस एंजेलिसच्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने, केसांच्या फवाऱ्यासारखे आपले औषध का मिळू नये, असे विचारले आणि 1956 मध्ये मापी मात्रेचा पहिला फवारा, म्हणजे बोलीतला ‘पंप’, बाजारात आला. 1969 मध्ये साल्ब्युटामॉल आणि 1972 मध्ये नलिकांची सूज उतरवणारे बेक्लोमेथासोन फवाऱ्यात आले. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते, तर पोटातून द्यायच्या लहान गोळीतही 2 मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. म्हणूनच गोळी वा पातळ औषध घेतलेल्या मुलाचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. तरीही ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत गावात आणि शहरात सारखीच घट्ट राहिली, आणि ज्या औषधाची मात्रा सर्वांत कमी त्याचीच भीती सर्वांत जास्त, हे या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण होय.

फवारा दाबणे आणि त्याच क्षणी श्वास ओढणे लहान मुलाला साधत नाही, यासाठी औषध क्षणभर साठवून ठेवणारी पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, वापरात आला. पण तो गरिबाला महाग पडे. दक्षिण आफ्रिकेत हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की शीतपेयाची अर्धा लिटरची रिकामी प्लास्टिक बाटली हेच काम तितक्याच चांगल्या प्रकारे करते: बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवायचा, बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत द्यायचे, आणि एकदा दाबून झाल्यावर त्याला सावकाश श्वास घेऊ द्यायचा, तोपर्यंत आईने श्वास मोजत राहायचे.