मोटारसायकल चालविणे (प्राथमिक शिक्षण)

मोटारसायकल चालविण्याच्या प्राथमिक शिक्षणात तोल सांभाळणे, क्लच व गिअर यांचा मेळ घालणे, ब्रेकचा वापर आणि वळण घेणे या कौशल्यांचा समावेश होतो. भारतात हे शिक्षण बहुधा थोरला भाऊ किंवा मित्र मोकळ्या मैदानावर देतो. त्यामुळे गाडी पुढे नेणे लवकर साधते. ती थांबविणे मात्र पुष्कळदा अर्धवटच शिकले जाते.

परवाना व हेल्मेट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार गिअरच्या मोटारसायकलीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. शिकाऊ परवान्याची मुदत ६ महिने असून तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल 'एल' अक्षर लावावे लागते. शिकविणाऱ्याखेरीज अन्य कोणासही मागे बसविता येत नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हनुवटीखालचा पट्टा न आवळल्यास उत्तम हेल्मेटही अपघाताच्या वेळी डोक्यावरून निघून जाऊ शकते.

क्लच

डाव्या हाताचा क्लच दाबला की इंजिन व मागचे चाक यांचा संबंध तुटतो. तो एकदम सोडल्यास गाडी झटका देऊन बंद पडते. पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडताना एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित बदलतो व गाडी ओढ घेते. ही जागा बोटांना ओळखीची होईपर्यंत सपाट मैदानावरच सराव करणे इष्ट. बहुतेक गाड्यांत पहिला गिअर खाली व उरलेले वर पडतात, पण काही १०० सीसी गाड्यांत सर्व गिअर एकाच दिशेने पडतात. दुसऱ्याची गाडी घेताना हे आधी विचारून घ्यावे लागते.

ब्रेक

पुढचा ब्रेक उजव्या हाताशी व मागचा उजव्या पायाखाली असतो. पुढचा ब्रेक दाबल्यास स्वार उलटून पडतो, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो अपुरा आहे. वेग कमी होताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो व त्याची रस्त्यावरील पकड वाढते. मागचे चाक हलके होऊन सहज घसरते. म्हणून केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याची गाडी थांबण्यास बरेच अधिक अंतर घेते. धोका असतो तो पुढचा ब्रेक झटक्याने, वाळू-खडीवर किंवा हँडल वळलेले असताना दाबण्यात. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र आणि पुढचा क्रमाक्रमाने दाबणे, ही योग्य रीत होय.

ताशी ४० किमी वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. ब्रेकला हात जाईपर्यंतच एवढे अंतर सरू शकते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ६० किमीला ते सव्वादोनपट होते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस अनिवार्य आहे. ही यंत्रणा चाक अडकू देत नाही. वळणात कललेली गाडी मात्र तिच्यामुळे सावरेलच असे नाही.

वळण, पाऊस व घाट

वेग वळणापूर्वी कमी करावा लागतो व नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी लागते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल व धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. रंगीत पट्टे आणि लोखंडी झाकणेही तितकीच घसरडी असतात. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडले जातात. सह्याद्रीतील घाट उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना असते. असे केल्याने इंजिनाचा अवरोध नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात व लांब उतारावर त्यांची पकड मंदावते. त्यामुळे उतार खालच्या गिअरमध्येच उतरला जातो.